अवसेचा ढोल

आमच्या घरात दोन यंत्रं होती. एक छपाईचं आणि दुसरी आई. दोन्ही पहाटे सुरू व्हायची, दोन्हींना वेळेवर तेल लागायचं, आणि चालू असताना मध्ये हात घातला की बोट गेलंच समजा. छपाईचं ट्रेडल पडवीत होतं. त्याला पाय मारला की खडक-खट, खडक-खट आवाज यायचा. आत चुलीशी आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि तिची थाप नेमकी त्या ‘खट’वर पडायची. तात्या म्हणायचे, माझ्या घरात तालाला पगार द्यावा लागत नाही. सुकटीचा वास, शाईचा वास आणि छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, धुवायच्या रॉकेलचा वास यांत मी मुरत मोठी झाले. आमच्याकडे जेवायला बसलेल्यांना जवळ्याला शाईचा वास यायचा आणि घरी नेलेल्या मासिकाला जवळ्याचा. तक्रार कुणी करत नव्हतं, कारण जवळाही चांगला असायचा आणि मासिकही.

त्या मासिकाचं नाव ‘झांज’. तात्या, म्हणजे माझे वडील, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि सगळा खाडीपट्टा त्यांना मास्तर म्हणायचा. पावसाळ्यात लग्नं बंद, म्हणजे वाजवणारे बसून. त्या बसून राहण्यातून ‘झांज’ निघालं. आमच्या लग्नांत धवलारणी जे धवले गातात ते त्यात छापून यायचे, भजनाच्या बारीत कोण कुणाला भारी पडलं ते यायचं, पायपेटीचे भाते कोण शिवून देतो ते यायचं. शेवटची दोन पानं नुसत्या नावांची असायची: अमका, ढोल, तमका, सनई, लग्नकार्यासाठी मिळेल. मतदारयादी सोडली तर त्या माणसांचं नाव दुसरीकडे कुठेही छापलं जात नव्हतं, आणि मतदारयादीतलं नाव कुणी कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवत नाही. ‘झांज’मधलं चिकटवायचे.

मी तेव्हा विशीत होते आणि स्वतःला लेखिका समजत होते. ‘कु. सुरगंधा’ या नावाने मी कार्यक्रमांची परीक्षणं लिहायचे. आता ती वाचली की माझी नात पोट धरून हसते आणि मीही तिच्याबरोबर हसते. दुसरं काय करणार, लेखिका काही आता सापडायची नाही. एका ढोलवाल्याचा हात बसला तर ‘जणू नभांगणी मेघमृदंग दुमदुमला’ असं मी लिहीत असे. खिळे जुळवताना तात्यांचा ‘दु’ संपायचा. “बेबे,” ते पडवीतून ओरडायचे, “एवढे ‘दु’ न्हायत आपल्याकडे. मेघ कमी कर.”

ज्याच्या ढोलाला मी मेघ लावायचे तो ढोलवाला म्हणजे गोमाकाका. माझी आत्या दिली होती त्या बांधावरच्या गावचे. ते गाव समुद्राच्या पातळीहून खाली बसलेलं. मधे मातीचा लांब बांध, अलीकडे भातशेती आणि पलीकडे खाडी. गोमाकाका उंच, किडकिडीत, कानात भिकबाळी, बोलताना बोटं सतत कशावर तरी वाजत असायची, चहाच्या कपावर, स्वतःच्या गुडघ्यावर, एकदा तर तात्यांच्या टकलावर. महिन्याचा अंक निघाला की होडीने यायचे, आपलं नाव कुठल्या पानावर आहे ते माझ्याकडून वाचून घ्यायचे, आईच्या हातचं जेवायचे आणि जायचे. “मोठ्यानं वाच,” म्हणायचे. “नाव हाय तं आवाज नको?”

भाऊशेट त्या वेळी नवीनच पुढारी झाला होता. हादेखील त्याच बांधावरच्या गावचा, पण आता हायवेला बंगला, डंपर, पांढरे कपडे. बंदर येणार, रस्ते येणार, गोदामं येणार, असं सगळीकडे बोललं जात होतं आणि त्या बोलण्यात सर्वांत पुढे तो असायचा. तो एक दिवस स्वतः पडवीत आला, ट्रेडलला नमस्कार केला आणि म्हणाला, “मास्तर, आपल्या वाजवणाऱ्यांची एक मोठी ढोलस्पर्धा घेऊ. माझा मंडप, माझं मैदान, माझी बक्षिसं. नाव ‘झांज’चं.” तात्यांचा चेहरा असा उजळला की मला अजून तो आठवतो आणि अजून वाईट वाटतं. दिवस मात्र भाऊशेटने आधीच ठरवला होता. पिठोरी अवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आई आतून म्हणाली, “अवसेला ढोल गावाभायेर जात न्हाय.”

हे आमच्याकडे सगळेच म्हणायचे. का जात नाही, ते कुणी सांगत नसे. देवाला चालत नाही, एवढंच. बांधावरच्या गावच्या ढोलाला तर हा नियम फारच कडक. कितीही मोठं बोलावणं येवो, अवसेला तो ढोल देवळाच्या ओट्यावर झाकून ठेवलेला. गोमाकाकांनी स्पर्धेला नाही म्हणून निरोप पाठवला, दुसऱ्या निरोपालाही नाही म्हटलं. तेव्हा कु. सुरगंधा यांचं रक्त तापलं. मी ‘झांज’च्या पहिल्या पानावर ‘अमावास्येच्या अंधारातून कलेच्या प्रकाशाकडे’ असा लेख ठोकून दिला. अंधश्रद्धा, जुनाट रूढी, विज्ञानयुग, सगळं त्यात होतं. विज्ञानाचं मी शाळेत काय केलं होतं ते तिथल्या गुरुजींना विचारा. भाऊशेट तो अंक घेऊन गोमाकाकांच्या घरी गेला आणि त्यांना तो वाचून दाखवला. “तुमच्या मास्तरांच्या पोरीनंच लिवलंय,” म्हणाला. ‘झांज’मध्ये छापून आलं म्हटल्यावर गोमाकाकांचा नकार संपला. ढोल जीपमध्ये चढला.

स्पर्धा छान झाली, हे सांगायलाच हवं. आसपासच्या सगळ्या गावांतले ढोल, ताशे, सनया त्या मैदानात. मैदान नवीन भरून सपाट केलेलं होतं आणि पावसाने माती जरा ओली होती. माझ्या परीक्षणात मी लिहिलं, ‘नर्तकांच्या पदकमलांना निळसर मृत्तिकेने जणू नूपुर घातले’. गोमाकाका पहिले आले. ढोल डोक्यावर घेऊन ते नाचले, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आणि तात्यांनी कितीतरी वर्षांत पहिल्यांदा नुसत्या आनंदासाठी क्लॅरिनेट वाजवली. ऊन पडलं होतं. भर दुपार होती. भर दुपारीच तिकडे बांधाला खांड गेली.

खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. अवसेचं उधाण दुपारी चढतं, हे खाडीवर जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं; मलाही होतं. पण माझ्या जन्मापासून त्या बांधाला खांड गेलीच नव्हती, इतका तो नीट राखलेला. म्हणून खांड गेली की काय करायचं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आत्याने पाहिलं होतं, लग्न होऊन आली त्या वर्षी. तेव्हा देवळाच्या ओट्यावरून ढोल वाजला होता. खांडीचा ठेका वेगळा, घाईचा, तो लग्नात कधी वाजवत नाहीत. तो कानावर पडला की शेतात असाल तिथून, जेवत असाल तर हात न धुता, घरटी एकाने फावडं-घमेलं घेऊन धावायचं. लहान असते तोवर खांड माणसांनी बुजते. एकदा मोठी झाली की ती समुद्राची. आणि भरती उतरेपर्यंत ढोल थांबवायचा नाही, कारण ढोल थांबला की हात थांबतात.

आम्ही संध्याकाळी बक्षिसाचा फेटा बांधलेल्या गोमाकाकांना पोहोचवायला गेलो तेव्हा गावाच्या अलीकडे रस्ताच नव्हता. भाताच्या लोंब्या पाण्यावर नुसती टोकं काढून उभ्या होत्या. आत्या गुडघाभर पाण्यात एकटीच उभी होती, घमेलं डोक्यावर पालथं घालून, टोपीसारखं. रडत नव्हती. तात्यांना बघून म्हणाली, “दादूस, जरा पानी दिसलं तवा मी पलत जेले. मना वाटलं आता ढोल वाजल, आता वाजल; तो जेलाय ह्ये इसरलेच. वरच्या आलीची मानसा शेतात वाकलेली, त्यांना काय म्हायती. मी वरडले. बाईमानसाचं वरडणं कुठवर जातंय?”

गोमाकाकांनी फेटा सोडला. ते फेट्याचं कापड हातात घेऊन उभे राहिले, आणि मी पहिल्यांदा त्यांची बोटं गप्प पाहिली.

अवसेला ढोल गावाबाहेर का जात नाही, ते त्या पाण्याकडे बघताना आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. गोमाकाकांनाही तेव्हाच. त्यांच्या आज्याने खांडीचा ठेका शिकवला होता, देवाचं नाव घालून नियम टिकवला होता आणि कारण वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं. मी आता म्हातारपणी नातवंडांना कुठलीच गोष्ट ‘देवाला चालत नाही’ म्हणून सांगत नाही. कारण सांगते. ती ऐकत नाहीत ते वेगळं.

घरी आल्यावर मी रडत रडत मैदानातच लिहिलेलं परीक्षण काढून फाडायला घेतलं. आईने विचारलं काय फाडतेस, म्हणून तिला वाचून दाखवलं. पदकमलांपाशी तिने मला थांबवलं. “निळसर माती? मैदानात?” भाकरीचं पीठ लागलेले हात तिने तसेच धरले. “हायवेला तांबडी माती असते गो. निळी चिकण माती खाडीची. आपल्या बांदाची.” तात्या ट्रेडलजवळ बसले होते. ते उठून आत आले आणि म्हणाले, “पुन्हा वाच.” माझं लिखाण पुन्हा वाच म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

पुढचे काही दिवस तात्या आणि मी बांधावर हिंडलो. मैदान भरायला भाऊशेटचे डंपर बांधाच्या पायथ्याची माती उचलून नेत होते, ते सगळ्या गावाने पाहिलं होतं. ‘पावसानंतर दगड घालून पक्का करून देतो’ असं त्याने सांगितलं होतं, आणि गावचाच पोरगा म्हणून लोकांनी मान डोलावली होती. ज्या जागेची माती गेली, खांड तिथेच गेली. तात्या प्रत्येकाला एकच विचारायचे: दिवस कुणी ठरवला? उत्तरही एकच. आणि आत्याने जे सांगितलं ते ऐकून तात्यांनी पेटवायला काढलेली विडी परत खिशात टाकली. भाऊशेटचा बाप बांधाची राखण करायचा. ज्या वर्षी आत्याने खांडीचा ढोल ऐकला, त्या वर्षी ओट्यावर ढोलाशेजारी भरतीवर नजर ठेवून बसलेलं पोर म्हणजे हाच भाऊशेट. आत्याने नुसता ढोल ऐकला होता; ढोल आणि अवस यांचा सांधा माहीत असलेला आख्ख्या तालुक्यात तो एकटा उरला असेल. पाणी ओसरायच्या आत त्याची माणसं ओट्याओट्यावर येऊन बसली होती. “जमीन खारली आता, भात कसलं पिकतंय, आम्हीच घेतो, तुमचं नुकसान बघवत न्हाय.”

“हे छापायचं,” तात्या म्हणाले.

“‘झांज’मध्ये?” आई म्हणाली. “धवल्याच्या शेजारी?”

“धवल्याच्या जागी.”

त्या रात्री आमच्या घरात जी भांडणं झाली ती मला लिहिता येतील, पण दोघंही आता नाहीत आणि आईला उत्तर देता येणार नाही, म्हणून एवढंच लिहिते की आई बरोबर होती. ती म्हणाली, सगळ्या वाजवणाऱ्यांचं पोट मंडपावर आणि सगळे मंडप भाऊशेटचे. तुम्ही त्याच्याविरुद्ध लिहाल आणि मार ते खातील. तात्या म्हणाले, आपण स्पर्धेला नाव दिलं, ढोल आपण बाहेर काढला. आता गप्प बसलो तर पुढच्या अंकात काय छापू, कुणाचा सूर चांगला लागला ते? तेही खरंच होतं. म्हणून दोघं नुसते ओरडत राहिले.

गोमाकाकांना विचारल्याशिवाय छापायचं नाही, असं ठरलं. ते आले. तात्यांनी सगळं समजावून सांगितलं, नाव येईल, भाऊशेट चिडेल, कामं जातील. गोमाकाकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “फोटू पन येल कं?” फोटोचा ब्लॉक करायला पनवेलला जावं लागायचं. तात्या म्हणाले, हवा असेल तर येईल. दुसऱ्या दिवशी गोमाकाका पांढरं धोतर नेसून, ढोल गळ्यात अडकवून, केसांना तेल लावून आले. इतकी वर्षं नुसतं नाव यायचं, आता तोंड येणार होतं. ते तसेच उभे राहिले, छाती काढून, जसे बक्षीस घेताना उभे होते.

अंक दसऱ्याला निघाला. त्यात एकही गाणं नव्हतं. मी लिहिलं होतं आणि तात्यांनी त्यातली विशेषणं एकेक करून चिमट्याने उचलून खणात परत टाकली होती, खिळ्यांसकट. उरलं ते असं: माती कुणी उचलली, दिवस कुणी ठरवला, जमीन कोण मागतंय, ढोल कुठे होता. वर गोमाकाकांचा फोटो. खाली मोठ्या टायपात तात्यांची ओळ: ‘त्या दिवशी ढोल वाजला नाही.’

वर्गणीदारांची पत्रं आली. “मुलीच्या लग्नासाठी हळदीची गाणी हवी होती, डंपरचं काय करू?” असं एकाने विचारलं. दुसऱ्याने लिहिलं, पहिल्यांदाच तुमचं मासिक नवऱ्याने वाचलं. मुंबईहून एका वर्तमानपत्राचा माणूस येऊन बांध पाहून गेला. पुढच्या अंकासाठी लोक आपणहून बातम्या घेऊन पडवीत यायला लागले, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, चोरीला गेलेल्या फळ्यांच्या, मिठागरांच्या, नोकरीच्या खोट्या वचनांच्या. ‘झांज’ पुढे अनेक वर्षं तेच छापत राहिलं आणि मी त्यातूनच पत्रकार झाले. सत्कारांत मला ‘संगीताकडून संघर्षाकडे’ वगैरे म्हणतात. मी मान डोलावते. शाल चांगली असते.

भाऊशेटही आला. ट्रेडलला नमस्कार केला. “मास्तर, छपाई झकास. गोमाचा फोटू तं एक नंबर.” आईच्या हातचा चहा पिऊन उठताना म्हणाला, “तुमी वाजवनारी मानसा. आता सगल्यांना कळलं, अवसेला ढोल कोन घेऊन जेलता.” एवढंच. त्याला दुसरं काही करावं लागलं नाही. पुढची निवडणूक तो आरामात जिंकला.

कारण गावोगाव अंक वाचला गेला तो असा: फोटो कुणाचा, गोमाचा. ओळ काय, ढोल वाजला नाही. मधला मजकूर बारीक टायपात होता. हंगाम सुरू झाला आणि गोमाकाकांना एकही सुपारी आली नाही. ज्यांची शेतं बुडाली त्यांच्याकडे नाही, ज्यांची बुडाली नाहीत त्यांच्याकडेही नाही. लग्नाच्या दारात असला ढोल कोण वाजवून घेणार? बाकीच्या वाजवणाऱ्यांनी ‘आमचं नाव छापू नका’ असे निरोप पाठवले. शेवटची दोन पानं कोरी पडली. तात्यांना बँडमधून बोलावणं यायचं थांबलं, पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. गोमाकाका मात्र दर महिन्याला येत राहिले. अंक हातात घ्यायचे, उलटायचे. “माजं नाव कंच्या पानावर?” तात्यांनी एकदा ट्रेडल थांबवून, पहिल्या पानाच्या डोक्यावर, उघाडीच्या बातमीच्याही वर, त्यांचं नाव जुळवलं: ढोल, लग्नकार्यासाठी मिळेल. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी बोलावलं नाही.

पुढच्या वर्षीची पिठोरी आली. बांध तसाच फुटका होता, दगड आले नव्हते. निम्म्या लोकांनी जमिनी देऊन टाकल्या होत्या, आत्याने दिली नव्हती पण पेरलीही नव्हती. मिठात काय पेरणार. मी आणि तात्या तिच्याकडे गेलो होतो. दुपारी पाणी चढायला लागलं आणि ओट्यावरून ढोल सुरू झाला. घाईचा, घसरत धावणारा ठेका. मी तो कधी ऐकला नव्हता, तरी माझे पाय उठले.

माणसं धावत आली. फावडी घेऊन, घमेली घेऊन, एक जण हाताला कालवण लागलेला. बांधापर्यंत आली आणि थांबली. वाचवायला काही नव्हतं. पाणी नेहमीच्या वाटेने आत येत होतं, सावकाश, घरच्यासारखं. भाताच्या खाचरांत निवट्या, खाडीच्या चिखलातले मासे, उड्या मारत होत्या. लोक वळून देवळाकडे बघू लागले, आणि कुणीतरी शिवी दिली. “आता वाजवतंय. आता.” एकेक जण फावडं खांद्यावर टाकून परत फिरला. गोमाकाका डोळे मिटून वाजवत होते. तात्या त्यांच्या बाजूला जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून. मी ओट्याखाली उभी राहिले. वही बरोबर होती, पण उघडली नाही.

पाणी उतरेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मग टिपऱ्या ढोलावर आडव्या ठेवल्या. गावात त्यांना वर्षभर कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आत्या तिच्या दारातून आली, पदराला हात पुसत, ओट्याशी उभी राहिली.

“झाला कं वाजवून?”

“व्हय.”

“मंग चल जेवाया. भात इकतचा हाय. निवट्या आपल्या शेतातल्या हायत.”